नांदरुकाला घातलेलं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीचं झाड मी जवळजवळ मारलं. दुर्लक्ष करून नाही, रोज न चुकता पाणी घालून मारलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लिहिताना मी स्वतःला कुठेतरी वाचवायला बघेन. माझा तसा स्वभाव आहे.

झाड म्हणजे बोन्साय. नर्सरीवाले त्याला फायकस म्हणतात. ताई नांदरूक म्हणते, कारण रत्नागिरीकडच्या आमच्या गावात देवळामागे तसलंच एक मोठं झाड होतं आणि त्याला सगळे तेच म्हणत. वडा-पिंपळाच्या जातीतलं, पानं लहान आणि चकचकीत, फांदी मोडली की पांढरा चीक. आमचं नांदरूक ताईला बिल्डिंगच्या गच्चीत सापडलं. बावीस वर्षांपूर्वी सोसायटीने रंगकाम काढलं होतं. कठड्याच्या भेगेत बोटाएवढं रोप उगवलं होतं आणि रंगारी ते उपटून खाली फेकणार, तेवढ्यात पापड वाळत घालायला गेलेल्या ताईने ओंजळ पुढे केली.

मी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आहे, तेव्हाही होतो. पोचा आलेलं एक पसरट ताट मी तिला आणून दिलं, बुडाला ड्रिलने पाच भोकं पाडून. उन्हात स्टील तापतं आणि मुळं भाजतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात रोप अर्धं करपलं. ताईने मग मातीची चपटी कुंडी आणली आणि ताट घासून मला परत दिलं. म्हणाली, "तुझ्या ताटात आमटीच बरी."

ताई त्या वेळी आमच्याकडे येऊन आठ वर्षं झाली होती. चिपळूणला दिली होती, सात महिन्यांत परत आली. का आली ते तिने आईला सांगितलं असेल. मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नातेवाइकांना तर विचारायची गरजच नव्हती. त्यांच्याकडे दोन शब्द तयार होते: "नांदली नाही." लग्नाकार्यात, बारशात, आई गेली तेव्हाच्या दहाव्यालासुद्धा ते शब्द कुणीतरी कुणाच्या तरी कानात बोलायचंच. ताईने हॉलच्या कोपऱ्यात शिलाई मशीन मांडलं आणि ब्लाऊज शिवायला घेतले. आमच्या जेसल पार्कातल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या वहीत होती. दुपारी गिऱ्हाइकं थांबली की ती बाल्कनीत झाडाशी बसायची. वाढलेल्या फांदीवर दोन पानं ठेवून बाकीची छाटायची. दर दुसऱ्या वर्षी, जूनच्या सुमारास, झाड कुंडीतून काढून मुळं कापायची. कापड बेतताना हात जसा चालायचा, तसाच मुळांवर चालायचा. मला बघवत नसे. मी म्हणायचो, "ताई, पुरे, मरेल ते." ती म्हणायची, "तू पेपर वाच."

दोन वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आमच्या कुंडीचं मातकट पाणी पडत होतं. "भाईसाब, तीसरी बार बोल रहा हूँ," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. मी कारखान्यातून नुकताच आलो होतो. दरवाज्यात उभं राहून माफी मागताना मला अपमान वाटला, आणि तो मी आत आणून ताईवर काढला.

"उचल ते झाड आणि गच्चीत नेऊन ठेव. रोज कोण ऐकून घेणार?"

"गच्चीत पोरं क्रिकेट खेळतात," ताई मशीनवरून न उठता म्हणाली. "खाली ताटली ठेवते, पाणी नाही गळणार. राहू दे इथेच. वीस वर्षं नांदतंय इथे."

मी म्हणालो, "तू स्वतः नांदलीस का कधी कुठे, की झाडाला नांदवतेस?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुलीने कानातले इयरफोन काढले. ताईच्या हातात कुणाचा तरी ब्लाऊज होता. तिने उरलेले तीन हूक लावले, दोरा दाताने तोडला, ब्लाऊजची घडी घातली आणि बाल्कनीत जाऊन कुंडीखाली ताटली ठेवली. त्या दिवशी ती नेहमीसारखी जेवली. मला वाटलं, निभावलं.

महिन्याभराने तिने भाईंदर पश्चिमेला, मुर्धा गावात खोली घेतली. मी माफी मागितली नाही. मागायचं ठरवून दोनदा तिच्या मशीनजवळ जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही वेळा "चहा घेणार का?" विचारून परत आलो. सामान टेम्पोत चढलं, तेव्हा झाड बाल्कनीतच होतं. "तळमजल्याची खोली आहे, ऊन येत नाही," ती म्हणाली. "वरची खोली रिकामी झाली की नेईन. तोवर सांभाळ. दर रविवारी फोटो पाठव."

मी मनाशी पक्कं केलं की, एवढं तरी नीट करायचं. दीड वर्षभर एकही रविवार चुकलो नाही. ती फोटो बघून फोन करायची, आणि बोलणं सगळं झाडाचं. "डावीकडे काय ते पिवळं? पान आहे का पोपडा?" "पान आहे." "काढ." एवढंच. पण फोन येत होता, आणि मला वाटायचं की, झाड आहे तोवर फोन येईल. खरं तर तेच माझं सगळं होतं. झाड गेलं असतं तर आमच्यात बोलायला काही उरलं नसतं.

आमच्याकडे पाणी जपून वापरतात. नळाला ठरावीक वेळ पाणी, उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते. आरओ फिल्टरमधून जे पाणी बाहेर जातं ते वाया जाऊ नये म्हणून बायकोने त्या नळीखाली बादली ठेवली होती. फरशी त्याच पाण्याने पुसायची. मला वाटलं, फिल्टरचंच पाणी, झाडाला आणखी चांगलं. रोज सकाळी दोन तांबे. बायकोने एकदा विचारलंही, "हे चालतं का झाडाला?" मी म्हटलं, "पिण्याच्या पाण्याच्या बाजूचंच तर आहे." असं उत्तर मी कारखान्यात हाताखालच्या माणसाकडून ऐकून घेतलं नसतं.

गेल्या एप्रिलमध्ये पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटलं ऊन लागतंय. मी तिसरा तांब्या घालायला लागलो. मग पानं गळायला लागली. सकाळी केर काढताना बायको मूठभर गोळा करायची आणि माझ्याकडे न बघता डब्यात टाकायची. कुंडीच्या काठावर पांढरा थर आला होता. मी तो जुना डाग समजून ओल्या फडक्याने पुसला.

पानं अर्ध्यावर आली त्या रविवारी मी मागच्या महिन्यातला फोटो पाठवला. पुढच्या रविवारी त्याच्याही मागचा. माझ्याकडे तिच्यासाठीच काढलेले, पण न पाठवलेले पन्नासएक फोटो होते, सगळे जरा वेगळे. एकात मागे टॉवेल, एकात कठड्यावर कबुतर. मी ते निवडून निवडून पाठवत होतो. खोटं बोलायला जेवढं लक्ष लागतं तेवढं मी झाडाकडे दिलं असतं तर पुढचं टळलं असतं.

मग एका रविवारी ताई म्हणाली, "उजवीकडची फांदी फार बाहेर आलीय. दोन पानं ठेवून छाट आणि संध्याकाळी फोटो टाक. छाटायला शिक आता."

उजवीकडच्या फांदीवर तेव्हा एकही पान नव्हतं.

मी काशीमिऱ्याजवळ हायवेच्या कडेला असलेल्या नर्सरीत गेलो. मोबाईलवर जुना फोटो दाखवला आणि म्हटलं, "ऐसाच दिखना चाहिए." माळी हसला. "साहब, फायकस सब भाई-भाई हैं. फोटो में कौन पहचानेगा?" तो गंमत करत होता, पण माझे कान गरम झाले. त्याने चार झाडं काढून दाखवली. त्यातलं एक बऱ्यापैकी जुळत होतं. मी ते घरी आणलं, ताईची कात्री घेऊन उजवीकडची फांदी छाटली, बुंधा दिसणार नाही अशा बेताने जवळून फोटो काढला आणि पाठवला.

पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं. "छान. हात बसतोय तुझा."

बायको सोफ्यावर बसून हे सगळं बघत होती. ती मला एवढंच म्हणाली, "आता दसऱ्याला वरची खोली रिकामी झाली की ताई झाड न्यायला येतील. तेव्हा कुठलं देणार?"

त्याच आठवड्यात आरओच्या सर्व्हिसिंगला माणूस आला. फिल्टर उघडून बसला, ग्लासातल्या पाण्यातला क्षार पेनएवढ्या मीटरने मोजला. मी सहज म्हणून बादली पुढे केली. त्याने मीटर बुडवलं, आकडा बघितला आणि विचारलं, "ये कहाँ डालते हो?"

"पौधे में."

"पौधे में?" त्याने मान वर केली. "अरे साहब, साफ पानी आप पी गए, जितना खार था सब इसमें आ गया. ऊपर से टँकर का पानी. ये तो पोछे का पानी है. पौधे को रोज जहर पिला रहे हो."

तो गेल्यावर मी बाल्कनीत जाऊन बसलो. दोन झाडं शेजारी शेजारी होती. एक हिरवंगार, दुसऱ्याच्या नुसत्या काड्या. मी काही फार मोठा विचार केला असं नाही. फक्त एवढं लक्षात आलं की, झाड मेल्यावर घेऊन गेलो तर ती मला माफ करणार नाही, आणि जिवंत असताना नेलं तर निदान झाडाला संधी आहे. माझ्याकडे लपवायला वेळ होता, झाडाकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. कुंडी मांडीवर घेऊन रिक्षाने स्टेशन, जिना चढून पश्चिमेला, तिथून बसने मुर्धा. ताईची खोली एका जुन्या घराच्या मागच्या अंगाला आहे. घरमालकीण म्हातारी, एके काळी त्यांची मिठागरं होती. ती ओट्यावर सुकट निवडत होती. मला आणि माझ्या हातातल्या काड्यांना बघून तिने आत हाक दिली, "अगो, तुजा भाव आलाय. सरपान घेऊन आलाय!"

ताई बाहेर आली. झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आरओचं पाणी, जुने फोटो, नर्सरी, कात्री. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळण्यासाठी मी कुंडीकडे बघत बोलत होतो.

"म्हणजे 'हात बसतोय' ते मी नर्सरीवाल्याच्या झाडाला म्हटलं," ती म्हणाली.

"हो."

म्हातारीने सुपातून मान वर काढली. "खाऱ्या पान्यात मीठ पिकतं रे बाबा, झाड न्हाय पिकत. ह्या आमाला इचारायचा व्हता."

ताई आत गेली. मला वाटलं दार लावून घेणार. ती शिलाई उसवायचं टोकदार हत्यार घेऊन बाहेर आली, ओट्यावर बसली आणि शेंड्याजवळ साल जरा खरवडली. आत तपकिरी. चार बोटं खाली खरवडली. तपकिरी. आणखी खाली. बुंध्याच्या अगदी खालच्या अंगाला, मुळांपासून वीतभरही नसेल, सालीखाली फिकट हिरवा रंग दिसला आणि त्यावर मोहरीएवढा पांढरा थेंब आला. चीक.

"आहे," ताई म्हणाली. मग हत्यार खाली ठेवून, "आता तू कर."

"मी? ताई, तू कर. माझ्या हातून आणखी..."

"मी नाही हात लावणार. मारलंस तू, काढायचंही तू. मी सांगेन."

पुढचे दोन तास मी तिच्या हुकमाखाली होतो. झाड कुंडीतून काढलं. मुळं काळी, बोटाने दाबली की साल मोज्यासारखी निघून यायची. ती नळाखाली धुतली, काळी सगळी कापली. मूठभर फिकट मुळं उरली. मग ती म्हणाली, "आता वरचं काप. चिकाच्या जागेच्या दोन बोटं वर."

वरचं म्हणजे सगळं झाड. बावीस वर्षांत तिने वाकवलेली प्रत्येक फांदी. माझ्या पिशवीत कायम कारखान्यातलं हॅक्सॉचं, लोखंड कापायच्या करवतीचं पातं असतं, ते बुंध्याला लावून नुसताच बसलो.

"ताई, कदाचित एखादी फांदी..."

"मेलेलं आहे ते. मेलेलं डोक्यावर घेऊन खालचं जगणार नाही. काप."

मी कापलं. वाटलं त्यापेक्षा लवकर कापलं गेलं. वरचा भाग ओट्यावर पडला आणि म्हातारीने तो उचलून बाजूला ठेवला, थट्टा न करता. ताईने वाटीत हळद कालवून दिली, मी ती कापलेल्या जागेवर लावली. तेव्हाच मी म्हणालो. मान खाली घालूनच, पण म्हणालो. "त्या दिवशी मी जे बोललो ना तुला..."

"बोललास," ती म्हणाली. "मला ते रोज ऐकू येतं. मशीन चालवताना येतं. तू माफी मागितलीस तरी येणार." हळदीची वाटी परत घेत म्हणाली, "माग, पण."

मी मागितली. तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मग म्हणाली, "विटेचा चुरा जाड ठेव. बारीक झाला तर पाणी तुंबेल."

विटेचा चुरा, जाड वाळू, थोडा पालापाचोळा कुंडीत भरून उरलेला ठोंब लावला. गिऱ्हाइकं कापड ज्या पारदर्शक पिशव्यांतून आणतात, तसली एक पिशवी ठोंबावर उपडी घातली. कुंडी मागच्या दारी सावलीत ठेवली. निघताना ताई म्हणाली, "हे इथेच राहील. नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी घालायचं. पण मी घालणार नाही. तू येऊन घालायचं. नाही आलास तर नाही."

"रोज?"

"झाड रोज पितं."

तेव्हापासून रोज कारखाना सुटला की पूर्वेकडून पश्चिमेला, बसने मुर्धा, पिशवी काढायची, बोटाने माती चाचपायची, लागलं तर पाणी, पिशवी परत घालायची, पाण्याची बादली भरून ठेवायची आणि घरी. पहिल्या आठवड्यात ताई मशीनवरून उठलीही नाही. दुसऱ्या आठवड्यात चहा मिळाला. जुलैत एकदा स्टेशनजवळचा सबवे भरला, बस बंद होत्या. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चालत गेलो. पोचलो तेव्हा कुंडीची माती ओलीच होती, पाणी घालायची गरज नव्हती. मी मागच्या दारी भिजत उभा होतो. ताई दारातून बघत होती. "कळलं ना, ओली आहे ते?" ती म्हणाली. "मग जा. उद्या ये." मी गेलो आणि दुसऱ्या दिवशी आलो.

मधेच तिने विचारलं, "ते दुसरं कुठाय? नर्सरीतलं?"

"बाल्कनीत. काय करू त्याचं?"

"काय करू म्हणजे? त्या बिचाऱ्याने काय केलंय? मोठ्या कुंडीत लाव. आणि बादलीचं पाणी घालू नकोस त्याला."

ठोंबाला पहिला कोंब सत्तेचाळिसाव्या दिवशी आला. मी दिवस मोजत होतो. कापलेल्या जागेजवळ नाही, खाली, मागच्या बाजूला, जिथे कुणी फांदी ठेवली नसती. दसऱ्यापर्यंत तिथून दोन फांद्या निघाल्या, एक सरळ वर, एक भिंतीकडे. वरची खोली रिकामी झाली होती. मी आणि बायकोने मशीन वर चढवायला मदत केली. जिन्यात मी ताईला म्हणालो, "घरी चल. खोली तशीच आहे तुझी."

"नाही," ती म्हणाली, मशीनचं दुसरं टोक न सोडता. "इथे मला बरं वाटतं. दाराला माझी कडी आहे. पायरी बघ, पडशील."

कुंडी वरच्या खिडकीत ठेवली, पूर्वेच्या उन्हात. मी विचारलं, पूर्वीसारखं व्हायला किती वर्षं लागतील. तिने हिशोब केला. "पूर्वीसारखं होणार नाही. दुसरं काहीतरी होईल. पंधरा वर्षं धर. मी तेव्हा पंचाहत्तरची."

"आणि मी सदुसष्टचा."

"मग बसलायस काय? तार घे."

तिने ॲल्युमिनियमची तार माझ्या हातात दिली. भिंतीकडे गेलेली फांदी मला पुढे वळवायची होती. मी तार बुंध्याला अडकवून फांदीवर गुंडाळत नेली, टोकापर्यंत. ताईने चष्मा लावून बघितलं, तारेखाली नख घालायचा प्रयत्न केला. नख गेलं नाही.

"घट्ट झालीय. रुतेल. सोडव."

मी सोडवली आणि पुन्हा गुंडाळली. या वेळी सैल झाली, फांदी वळेचना.

"सोडव," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

मी तार सरळ केली आणि तिसऱ्यांदा बुंध्यापासून सुरुवात केली.